मंजुळाचं मंगळसूत्र कोण घेतंय?

मंजुळाची नाडी सिस्टरच्या बोटांना लागत नव्हती. तिचं मंगळसूत्र हातात घेऊन मी ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी होते आणि ते घ्यायला कुणी हात पुढे करत नव्हतं.

"मंजुळाचे मिस्टर कोण?" मी दुसऱ्यांदा ओरडले.

समोर बाकड्यावर तात्या बसले होते. पन्नाशीचे, इस्त्रीचा सदरा, आंब्याच्या मोठ्या बागेचे मालक. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. बाकड्यावर टेकून बसलेल्या माणसाला हात पाठीमागे नेणं सोपं नसतं. त्यांनी ते जमवलं.

"मी नुसता गाडीतून घेऊन आलोय," ते म्हणाले. "आमच्या बागेत कामाला असते ती."

शेजारी त्यांची लग्नाची बायको बसली होती. तिला सगळे काकी म्हणत. ती पंख्याकडे बघत म्हणाली, "हो. दिवसाही कामाला असते आणि रात्रीही."

"तू गप बस," तात्या म्हणाले.

"गप बसल्ये म्हणून तर इथवर आलं."

मी तेव्हा रत्नागिरीत एका खाजगी हॉस्पिटलात आया होते. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. शिक्षण चौथीपर्यंत. बेडपॅन देणं, पेशंटला पुसून काढणं, ऑपरेशनची तयारी करणं ही माझी कामं. तयारीत पेशंटच्या अंगावरचं सगळं काढायचं. बांगड्या, जोडवी, नथ, केसातली पिन. ऑपरेशनला धातू अंगावर चालत नाही, आणि मागाहून 'आमची साखळी गेली' म्हणून बोंब नको. काढलेलं रुमालात बांधायचं आणि चारचौघांत नातेवाइकाच्या हातात द्यायचं. आमच्याकडे रीतच पडली होती, की दागिने घेईल तो पेशंटचा माणूस. सहीचा कागद सिस्टर त्याच्यापुढेच धरायची. दागिने ताब्यात घेण्यासाठी दोन जावा एकमेकींच्या अंगावर पडलेल्या मी पाहिल्या होत्या. सोन्याला हात लावायला घाबरणारा माणूस मात्र पहिल्यांदाच बघत होते.

मंजुळाला झालं होतं ते असं. गर्भ पिशवीत राहायचा तो नळीत राहिला होता. नळी बोटाएवढी बारीक, ती किती ताणणार? फुटली. फुटली की रक्त पोटातल्या पोटात साठतं. बाहेर एक थेंबही येत नाही. पेशंट पांढराफटक पडत जातो आणि घरचे म्हणतात, पित्त झालंय, कोकमाचं सरबत द्या. मंजुळालाही सरबत दिलेलं होतं. डॉक्टरांनी सुई घालून बघितली तर सिरिंज काळ्या रक्ताने भरली. पोट लगेच उघडायला हवं होतं. थांबलं असतं तर संपली असती.

डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले.

"सही झाली का?"

"सही करायला माणूस मिळत नाही," सिस्टर म्हणाली.

"हे कोण मग?"

"हे गाडीवाले," मी म्हटलं.

तात्यांना ते लागलं. बाग वडिलोपार्जित, आणि त्यांना गाडीवाला म्हटलं. ते उठून डॉक्टरांना बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे माझ्यापासून दोन हातांवर. आयाला कान असतात हे मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही.

"डॉक्टर, माझी भावांबरोबर वाटणीची केस चालू आहे. वकिलांनी बजावलंय, हिच्या नावाशेजारी कुठेही माझं नाव लागता कामा नये. उद्या उभी राहून म्हणाली, मी बायको, तर?"

"उद्या उभी राहायला आज जगायला नको का?"

"ते बरोबर. तुम्ही करा ना ऑपरेशन. मी नाही कुठे म्हणतोय? फक्त सही नको."

"मग रक्त तरी द्या. बाटली लागणार."

"मला शुगर आहे," तात्या म्हणाले.

कोर्टात जाणं आमच्या जिल्ह्यात नवं नाही. पोराच्या बारशाला जेवढी माणसं जमतात, त्याहून जास्त वाटणीच्या तारखेला जमतात. पण बाईचा जीव एकीकडे आणि तारीख दुसरीकडे ठेवून तारीख उचललेली मी तेव्हा पाहिली.

इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट लिहायला मला नातीने लावलं. ती पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. गेममधल्या माणसांचे कपडे ती चितारते. गेल्या दिवाळीला आली तेव्हा तिच्या कंप्युटरवर एक राजवाडा होता आणि राजवाड्यात दोन बायका.

"आजी, ही कोर्टेझन आणि ही कॉन्क्युबाइन. म्हणजे एक कलावंतीण आणि एक राजाने ठेवलेली. दोघींत फरक काय दाखवू?"

मी चष्मा लावून बघितलं. दोघींची कंबर सारखी. दोघींना सर्दी होईल असे कपडे. एक लाल, एक हिरवी. बोट लावलं की दोघी वळून हसत.

"आत्ता काय फरक आहे?" मी विचारलं.

"लाल आहे ती राजाला शत्रूच्या बातम्या आणून देते. हिरवी राजाची एनर्जी वाढवते."

"आणि तिला कंटाळा आला तर?"

"कुणाला?"

"हिरवीला."

"आजी, तिला कंटाळा येत नाही. तो ऑप्शनच नाहीये."

म्हटलं, मग हिरवी तरी खऱ्या इतिहासाला धरून आहे. आमच्या चौथीच्या पुस्तकात तर एवढंही नव्हतं. अमक्या राजाचा जनानखाना मोठा होता, संपलं. त्या ओळीत किती बायका उभ्या होत्या, कुणी मोजलं नाही. तर ही हिरवी म्हणजे मंजुळा. लाल कोण, ते आता सांगते.

डॉक्टर आणि तात्या यांचं चाललेलं असताना काकी माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "हिची आवस इथेच राहते. बंदराच्या अंगाला. सोनाबाई म्हणून विचारलं की रिक्षावाला आणून सोडेल."

"सोनाबाई म्हणजे ती गाणारी?"

"तीच. हिची आई."

तात्यांनी ऐकलं. "त्या बाईला इथे बोलवायचं नाही. माणसं बघतील!"

हे छान होतं. मंजुळा मेलेली माणसांनी बघितली तर चालणार होती, तिची आई आलेली चालणार नव्हती. मी रिक्षा पाठवून दिली.

सोनाबाईला रत्नागिरीत जुनी माणसं ओळखत. देवळांच्या उत्सवांत, सावकारांच्या घरच्या लग्नांत ती गायची. तिच्या घरी बैठकी व्हायच्या. ज्यांच्या मोटारी रात्री तिच्या दारात लागत, ते दिवसा रस्त्यात तिला बघून फुटपाथ बदलत. फुटपाथ नसेल तिथे गटार ओलांडत.

ती आली तेव्हा साठीची असेल. पांढरी साडी, कपाळ मोकळं, पायांत चपला. आमच्याकडे थिएटरच्या दारात चपला काढायच्या, असा बोर्ड होता. तिने वाचला आणि तशीच पुढे आली.

"खंय आसा माझां चेडू?" तिने विचारलं. बोली तिची खालच्या अंगाची, सावंतवाडीकडची. माझी मुलगी कुठे आहे, एवढंच.

मी रुमाल पुढे केला. "हे आधी घ्या. मंगळसूत्र आहे."

तिने ते घेतलं आणि तळहातावर वर-खाली करून बघितलं, भाजीवाली कांदा बघते तसं.

"पितळ," ती म्हणाली. "वरून मुलामा." मग तात्यांकडे वळली. वाटणीची केस सगळ्या गावाला ठाऊक होती. "काय रे मेल्या, कोर्टकेसला भ्यायलास तो या पितळेसाठी?"

तात्या जिल्ह्यात कुणाकडून 'अरे' ऐकून घेत नसत. इथे ते भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं पोस्टर वाचू लागले.

"तुम्ही आई ना?" डॉक्टर म्हणाले. "सही करा आणि मला जाऊ द्या."

"मी करत्ये. पण ती शुद्धीत नाही काय?"

"आहे. थोडी."

"मग तिला विचारलंत?"

डॉक्टर एकदम चिडले. "बाई, तिची सही कायद्याने चालते, मला माहीत आहे. पण उद्या काही बरंवाईट झालं, तर हेच गृहस्थ चार माणसं घेऊन येतील आणि माझ्या काचा फोडतील. तेव्हा त्यांना केस आडवी येणार नाही!"

"काचा मी भरून देईन," सोनाबाई म्हणाली. "पोट तिचं आहे. विचारा तिला."

स्ट्रेचर दाराच्या आतच होतं. मी मंजुळाच्या डोक्याखाली हात घातला. ओठ कागदासारखे झाले होते. सोनाबाई वाकली.

"मंजू, पोट फाडायला हवं, नाहीतर तू जात्येस. सही कर."

मंजुळाने डोळे उघडले. आईकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं.

"मालकांना विचारा," ती म्हणाली.

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी सलाइनकडे बघितलं.

"मालक हात पाठीशी बांधून बसलाय," सोनाबाई म्हणाली.

"त्यांना विचारल्याशिवाय नको. रागावतील."

"अगो, मेलीस तर कुणावर रागावणार तो?"

मंजुळा पुन्हा दाराकडेच बघत राहिली. सोनाबाई शिव्या द्यायला लागली. आधी मराठीत, मग तिच्या बोलीत. मुलीला, तात्यांना, मग स्वतःलाही. मुलीवर काही परिणाम झाला नाही. डॉक्टर घड्याळ बघत होते.

तेवढ्यात काकी उठली. दारात आली, चपला बाहेर काढून.

"मंजुळा," ती म्हणाली. "सही कर. मी सांगत्ये. त्यांना मी बघत्ये काय ते."

आणि मंजुळाने बोटं पुढे केली.

सख्ख्या आईचं ऐकलं नाही. घरातून हुकूम आला, मग तिने जगायला होकार दिला. मी पेन तिच्या बोटांत धरवलं. तिने 'मंजुळा' लिहिलं आणि थांबली.

"पुढचं नाव?" सिस्टरने विचारलं.

तात्या पोस्टर पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.

"पुरे तेवढं," डॉक्टर म्हणाले. "आत घ्या."

पोट उघडलं तर रक्त वरपर्यंत आलेलं. सिव्हिलला माणूस पाठवला होता, पण तिच्या गटाची बाटली तिथे नव्हती. तेव्हा छोट्या हॉस्पिटलांत अशा वेळी एक गोष्ट करत. पोटात साठलेलं रक्त निर्जंतुक वाटीने उपसायचं. गॉजच्या, म्हणजे जाळीदार कापडाच्या, चार-सहा पदरी घडीतून गाळायचं. गोठू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत भरायचं. आणि तेच परत त्याच पेशंटच्या शिरेतून चढवायचं. ऐकायला घाण वाटेल. पण तिचंच रक्त, तिलाच चालतं. शुगरवाल्यांना विचारावं लागत नाही. मी बाटल्या धरत होते, सिस्टर गाळत होती, डॉक्टर फुटलेल्या नळीला चिमटा लावत होते. चिमटा लागल्यावर ते पहिल्यांदा नीट श्वास घेताना दिसले. पण बीपी अजून मिळत नव्हतं.

मला रक्ताने भरलेल्या चादरी बाहेर न्यायला सांगितलं. बाहेर बाकड्याच्या एका टोकाला काकी, दुसऱ्या टोकाला सोनाबाई. मध्ये दोन माणसांची जागा रिकामी. तात्या नव्हते.

"कुठे गेले?"

"मोहरावर फवारणीला माणसं लावलीत," काकी म्हणाली. "तुडतुडा पडलाय. बघून येतो म्हणाले."

तुडतुडा म्हणजे मोहराचा रस शोषणारी कीड. वेळेत फवारलं नाही तर आंबा जातो. तात्या वेळेच्या बाबतीत काटेकोर होते.

"आत काय?" सोनाबाईने विचारलं.

"नळी बांधली. रक्त चढतंय. आत्ताच काही सांगता येत नाही."

मला खरं तर चादरी भिजत घालायच्या होत्या. पण पाय दुखत होते. मधल्या रिकाम्या जागेत बसले.

काकी समोर बघत म्हणाली, "तुम्हीच दिलीत ना तिला आमच्याकडे?"

"दिली," सोनाबाई म्हणाली. "लपवत नाही. मला वाटलं, गाणं नको, बैठकी नकोत, दहा जणांची मर्जी नको. एकाच्या छपराखाली राहील. माझ्या आजीला संस्थानात बोलावणं येई तेव्हा पालखी यायची. गाऊन झालं की शालू घेऊन, त्याच पालखीतून घरी. ती सांगायची, वाड्यात आतल्या बाजूला आणून ठेवलेल्या बायका असत. त्यांची नावंसुद्धा बदलत. कुणी गुलाब, कुणी मोती. राजा मेला की दुसऱ्या राजाच्या मोजदादीत त्या हत्तींबरोबर. तरी आजी म्हणायची, त्या सुखी, त्यांना रियाज नाही. मलाही तसंच वाटलं."

"सुखी!" काकी म्हणाली. "बागेतल्या मांगरात राहते ती. आंब्याच्या पेट्या ठेवायचं घर ते. माझ्या जुन्या साड्या नेसते. मी दिल्या तर. नाही दिल्या त्या वर्षी तशीच राहिली."

"तुम्ही नाही का दिल्यात?"

"एका वर्षी नाही दिल्या. राग आला होता."

"तिचा?"

"त्यांचा. पण त्यांना जुन्या साड्या लागत नाहीत."

मी हसले. वेळ हसायची नव्हती. काकीपण हसली आणि मग तोंडाला पदर लावला.

मी सोनाबाईला विचारलं, "तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं का? गाण्याला लावलं तेव्हा?"

"नाही. नऊ वर्षांची असताना पायात घुंगरू बांधले. विचारतंय कोण?"

"मग फरक काय राहिला?"

मला वाटलं, आता ती काहीतरी मोठं बोलेल. म्हाताऱ्या गाणाऱ्या बायका बोलतात तसं.

"दाराला कडी होती माझ्या," ती म्हणाली. "आतून. नको असेल त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून लावून घ्यायचे. पुष्कळ डोकं दुखायचं माझं."

"आमच्या मांगराला कडी बाहेरून आहे," काकी म्हणाली. "पेट्या चोरीला जाऊ नयेत म्हणून."

थिएटरचं दार उघडलं. डॉक्टरांचा गाऊन पोटापर्यंत लाल. सोनाबाई उठली नाही. काकी उठली.

"बीपी आलं," डॉक्टर म्हणाले. "आजची रात्र काढली तर निभावली." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "गाडीवाले कुठेत?"

मंजुळाने ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी तिने चहा मागितला. तात्या संध्याकाळी आले, दारातूनच विचारलं, "आटपलं?" आणि सिस्टरने हो म्हटल्यावर निघून गेले. फवारणी चांगली झाली होती. त्या वर्षी त्यांच्या बागेला आंबा भरपूर लागला.

टाके काढले त्या दिवशी सोनाबाई रिक्षा घेऊन आली. मंजुळाच्या अंगाभोवती शाल गुंडाळत म्हणाली, "घरी चल. खोली रिकामी आहे. दोघींचं भागतंय."

तेवढ्यात अंगणात जीप लागली. आत काकी बसली होती, ड्रायव्हर पुढे. तात्या नव्हते.

मंजुळा म्हणाली, "काकींनी गाडी पाठवलीय."

"पाठवू दे. तुला जायचंय का?"

"बाग राखायला कोण आहे?"

सोनाबाईने पदराच्या गाठीतून मंगळसूत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. मंजुळाने ते गळ्यात घातलं. जीपच्या मागच्या फळीवर जाऊन बसली. पुढे काकीशेजारी जागा होती. काकीने सरकून दाखवली. तरी ती मागेच बसली, पोटावर हात धरून, कारण रस्ता खड्ड्यांचा होता.

तुम्हाला वाटत असेल मी तिला अडवलं असेल, चार शब्द सांगितले असतील. मला बेड रिकामा करून दुसरा पेशंट घ्यायचा होता. शिवाय सांगून काय होणार? सांगायला तिची आई होती, ती माझ्यापेक्षा चांगलं बोलायची. सोनाबाई रिक्षावाल्याला म्हणाली, "चल रे, उन्हात कशाला उभा राहिलास." आणि गेली.

नातीला मी ही सगळी गोष्ट फोनवर सांगितली. ती म्हणाली, "आजी, हे गेममध्ये नाही घालता येणार. खेळणाऱ्याला बोअर होईल." म्हटलं, राजालाही व्हायचं. म्हणून तर तो मोहर बघायला जायचा. शेवटी तिने लाल बाईच्या पायांत चपला चितारल्या. हिरवीला अनवाणी ठेवली. साहेबांना ते आवडलं म्हणे. हिरवीचे पाय छान दिसतात.

मी माझ्यापुरतं एवढंच शिकले, की दागिने देताना 'मिस्टर कोण' असं ओरडायचं नाही. 'पेशंटबरोबर कोण आलंय' असं विचारायचं. रिटायर होईपर्यंत मी तसंच विचारत होते. पुष्कळ वेळ वाचतो, आणि बाकड्यावरच्या पुरुषांना हात लपवावे लागत नाहीत.

सोनाबाई काही वर्षांनी झोपेतच गेली. तात्या शुगरनेच गेले, खरोखरची झाली शेवटी. काकी गेली तेव्हा तिच्या उशाशी मंजुळाच होती. मंजुळा त्यानंतरही बागेतच राहिली. ती अजून जिवंत आहे.